जुन्या लायब्ररीची विल्हेवाट

साफसफाई ही विद्या आमच्या घराण्यात आईकडून लेकीकडे येते. माझी आई माळा आवरायला चढली की वडील आपली चप्पल पायात घालूनच ओट्यावर जाऊन बसायचे. एकदा त्यांनी ती दारात ठेवली होती आणि जुनी दिसली म्हणून आईने बोहारणीला देऊन टाकली होती. ती विद्या माझ्या हातात पुरती उतरली आहे, अशी माझी समजूत होती. एप्रिल अठ्ठ्याण्णवपर्यंत होती, असं म्हणू.

मी कुंदा तायडे. जळगावला केळीवाल्यांच्या एका वाहतूक संघात संगणक विभाग सांभाळायचे. विभाग म्हणजे काचेच्या खोलीतलं एक मोठं मशीन, बाहेर हॉलमध्ये त्याला जोडलेले टर्मिनल आणि त्यांच्यापुढे बसणाऱ्या आमच्या बायका. कोणाची बाग कधी कापायची आणि कोणता ट्रक कोणाच्या बांधावर पाठवायचा, हे सगळं ते मशीन ठरवायचं. पूर्वी हे काम माणसं करत. मग कोणी मॅनेजरचा साडू निघायचा, कोणी संचालकाचा व्याही, आणि त्यांचेच घड आधी कापले जायचे. एका वार्षिक सभेत यावरून खुर्च्या उडाल्या आणि ठराव झाला की यापुढे नंबर मशीनच देईल, माणसाने मधे तोंड घालायचं नाही. त्या सभेपासून आमचे मॅनेजर जीवराम नाना केळीच्या नंबराचं नाव निघालं तरी दोन्ही हात मागे बांधून उभे राहायचे.

त्या महिन्यात मशीनला नवी ऑपरेटिंग सिस्टिम घातली. ती म्हणजे मशीनचा मुकादम समजा, सगळी कामं त्याच्या हाताखालून जातात. नाशिकहून इंजिनिअर आला, जुना मुकादम काढला, नवा बसवला. जाताना मला म्हणाला, "मॅडम, जुन्या लायब्ररी तशाच पडल्यात. थोडी जागा खातात. राहू द्या, पुढच्या खेपेला मी बघतो."

लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. आमच्या गावी विहारात समाजाची भांडी असतात. मोठी पातेली, पराती, झारे. लग्न असो की बारसं, ज्याला लागतील त्याने तिथून न्यायची. प्रत्येकाने घरी एवढं मोठं पातेलं बाळगायचं कारण नाही. मशीनमध्येही तसंच. सगळ्या प्रोग्रामांना लागणारी समाईक भांडी एका जागी ठेवलेली असतात, तिला लायब्ररी म्हणायचं. नवा मुकादम आपली नवी भांडी घेऊन आला होता आणि जुनी बाजूला पडून होती.

"राहू द्या" हे शब्द मात्र आमच्या आईने मला शिकवलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांच्या केबिनमध्ये गेले. नाना दिल्लीच्या व्यापाऱ्याशी फोनवर मोठ्याने बोलत होते, कारण दिल्ली लांब आहे. मी विचारलं की जुनी लायब्ररी उगाच जागा अडवते आहे, काढून टाकू का. नानांनी फोनवर हात ठेवला आणि म्हणाले, "काढा, काढा. मी केव्हापासून सांगतोय."

इथेच मला शंका यायला हवी होती. नानांनी मशीनबद्दल आजवर एकच प्रश्न विचारला होता, तोही यावर क्रिकेट दिसतं का, असा. ते कशाला केव्हापासून सांगतील? पण परवानगी मिळाल्याच्या आनंदात मी खोलीत जाऊन बसले.

आता जुनी कोणती आणि नवी कोणती हे ओळखायचं होतं. मी अगदी शहाण्या माणसासारखा विचार केला. प्रत्येक फाइलीपुढे तारीख असते. तारीख जुनी ती फाइल जुनी. गेल्या वर्षीच्या तारखा होत्या त्या सगळ्या मी वेचून काढल्या, या महिन्याच्या तारखांना हात लावला नाही, आणि एंटर दाबलं. मशीन काही बोललं नाही. चांगलं काम झालं की ते गप्पच राहतं, म्हणून मी खुर्चीत मागे रेलले.

नंतर कळलं ते आत्ताच सांगून टाकते. फाइलीवरची तारीख ती आपल्या घरी आल्याची नसते, कारखान्यात घडल्याची असते. नवी भांडी कंपनीत गेल्या वर्षीच घडली होती. आणि जुन्या भांड्यांना इंजिनिअरने परवाच एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवलं होतं, म्हणून त्यांच्यावर परवाची तारीख पडली होती. म्हणजे मी नवी कोरी भांडी वेचून वेचून फेकली आणि पोचे आलेली जुनी नीट मांडून ठेवली होती.

काय काय उरलं ते बघावं म्हणून मी फाइलींची यादी मागितली. मशीन म्हणालं, लायब्ररी सापडत नाही. कोण कोण काम करतंय ते विचारलं. लायब्ररी सापडत नाही. तारीख विचारली. तारीख सांगायलाही त्याला तीच लायब्ररी लागत होती. टेपवर सगळ्याची एक प्रत ठेवलेली असायची, ती लावायला गेले, तर टेप वाचणाऱ्या प्रोग्रामनेही हात वर केले. सगळ्या मशीनमध्ये एकच आज्ञा चालत होती, आपण लिहू ते परत लिहून दाखवायची. मी हताश होऊन लिहिलं, मदत करा. मशीननेही खाली लिहिलं, मदत करा.

घाबरायचं कारण नव्हतं. नव्या सिस्टिमची सीडी माझ्याकडे होती. मशीन सुरू करायची फ्लॉपीही होती. फ्लॉपी घालून मशीन उठवायचं, सीडीवरून भांडी परत आणायची, मधल्या सुट्टीच्या आत काम संपलं असतं. दोन्ही वस्तू मी नानांच्या केबिनबाहेरच्या कपाटात कुलपात ठेवल्या होत्या. ऑफिसात कुलूप नीट लागणारं ते एकच कपाट होतं.

कपाट सताड उघडं होतं. आत काही नव्हतं. फळ्या ओल्या फडक्याने पुसलेल्या होत्या आणि वरच्या फळीवर उदबत्ती लावलेली होती. शेजारी आमचे शिपाई नथ्थूभाऊ उभे होते, आणि त्यांच्या पायाशी एक निळी प्लास्टिकची बादली होती.

मी विचारलं, कपाटातलं सामान कुठे आहे. नथ्थूभाऊ म्हणाले, "नानांनी सांगितलं ना, मॅडमना जुनी लायब्ररी काढायची आहे, लगेच काढून टाक."

त्या कपाटावर कधीकाळी कोणीतरी पांढऱ्या रंगाने 'ग्रंथालय' असं लिहिलं होतं. आत सहकारावरची मासिकं आणि केळीच्या रोगांवरच्या पुस्तिका होत्या. ते कपाट रिकामं व्हावं असं नाना खरंच केव्हापासून सांगत होते. नथ्थूभाऊंनी सगळं एका रद्दीवाल्याच्या हातगाडीवर चढवलं होतं, मशीनची जाडजूड पुस्तकं, फ्लॉप्या आणि सीडीसकट, आणि बदल्यात बादली घेतली होती. बादली चांगली होती, हे मला त्या अवस्थेतही दिसलं.

मी खोलीकडे परत धावले, कारण मधल्या वेळात मला एक आशेची गोष्ट सुचली होती. जे प्रोग्राम सकाळीच सुरू झाले होते त्यांनी आपली भांडी आधीच नेलेली होती, त्यांचा स्वयंपाक चालूच राहणार होता. बाहेर पडू नये एवढंच. एकदा बाहेर पडलं की परत आत जायला दार नाही. सगळ्यांना हे सांगायला मी हॉलमध्ये पोचले, तर नाना मधोमध उभे होते. मशीन आजारी आहे हे त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांनी त्यांच्या परीने उपचार सुरू केले होते. मशीनवर भार देऊ नका, सगळ्यांनी आपापलं काम बंद करा, त्याला जरा पडू द्या, असा हुकूम त्यांनी दिला होता. सगळ्या बायकांनी एरवी कधी पाळला नाही इतक्या तत्परतेने तो पाळला. सगळे पडदे काळे झाले होते.

लिलाबाईंचा एक टर्मिनल तेवढा जिवंत होता. त्यांनी हुकूम पाळला नाही, कारण तो त्यांना ऐकूच आला नाही. त्या समोर बसलेल्या धुरपदाबाईंशी वाद घालत होत्या.

धुरपदाबाई चोपड्याकडच्या. नवरा वारल्यापासून त्या एकट्या बाग करायच्या. फोनवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून नंबर लागायचा त्या दिवशी सकाळच्या एसटीने स्वतः यायच्या. त्या दिवशी त्यांची कापणी होती. कापणारी टोळी बागेत जाऊन बसली होती आणि ट्रक आमच्या आवारात उभा होता. पण तो ट्रक धुरपदाबाईंच्या नावावर लावणारा प्रोग्राम वेगळा, आणि तो आता उघडत नव्हता. ट्रक गेला नाही तर टोळी दुसऱ्याच्या बागेत जाणार. परत तिची वेळ येईपर्यंत घड झाडावरच पिवळे पडणार, आणि झाडावर पिकलेली केळी दिल्लीला जात नाहीत, गावातल्या शेळ्यांना जातात.

"हाई मशीन बिमार शे का?" धुरपदाबाईंनी मला विचारलं.

मी म्हटलं, थोडं आहे.

"आणि बिमार पाडं कोनी?"

मी लिलाबाईंकडे वळले. त्यांना सांगितलं की काहीही झालं तरी या पडद्यावरून बाहेर पडायचं नाही, उठायचं नाही, पडद्याला नजर लागेल असंही काही करायचं नाही. आजची सगळी नावं मशीनच्या पोटात होती, पण ती दिसत होती आता फक्त त्यांच्या पुढ्यात. लिलाबाईंनी चष्मा सारखा केला आणि जेवायला कधी जायचं असं विचारलं. मी म्हटलं, बघू. त्या तोफेवर नेमलेल्या गोलंदाजासारख्या बसल्या.

नानांना मी म्हटलं की एवढा एक ट्रक तुमच्या सहीने पाठवून द्या. नानांचे हात आपोआप मागे गेले. ते म्हणाले, मला अजून काही वर्षं नोकरी करायची आहे.

मग मी धुळ्याला फोन लावला. तिथल्या शाखेत असंच मशीन होतं आणि भाईदासभाऊ ते सांभाळायचे. फार सज्जन माणूस. मी सांगितलं की सुरू करायची फ्लॉपी घेऊन पहिल्या बसने या. सीडी मात्र त्यांच्याकडे नव्हती, दोन्ही शाखांत मिळून एकच होती. "ताई, काळजी करू नका, निघालोच," ते म्हणाले. मी बजावलं की ऊन फार आहे, फ्लॉपी तापू देऊ नका. ते म्हणाले, अजिबात तापू देणार नाही.

भाईदासभाऊ निघाले तशी मी नथ्थूभाऊंना घेऊन रद्दीवाल्याकडे गेले. नथ्थूभाऊंनी बादली बरोबर घेतली होती, परत द्यावी लागली तर असावी म्हणून. मशीनची पुस्तकं गठ्ठ्यात सापडली. फ्लॉप्यांचे मात्र प्लास्टिकच्या ढिगात तुकडे पडले होते. आणि गोल चकाकती थाळी? रद्दीवाल्याच्या चेहऱ्यावर कौतुक पसरलं. ती फार देखणी होती, तो म्हणाला, म्हणून त्याने ती भिकनला, म्हणजे आपल्या मेव्हण्याला, रिक्षात लावायला दिली होती.

स्टेशनसमोर रिक्षांची रांग लागली होती. टळटळीत उन्हात एका रिक्षाच्या काचेपुढे आमची ऑपरेटिंग सिस्टिम लाल दोऱ्याने टांगलेली गरगर फिरत होती. मधल्या भोकातून लिंबू-मिरची ओवली होती आणि चकाकत्या बाजूवर कुंकवाची पाच बोटं उमटवली होती.

भिकन ती द्यायला तयार होईना. त्याचं म्हणणं असं की ही लावल्यापासून त्याची रिक्षा रिकामी राहिलीच नव्हती, आल्याआल्याच पाचोऱ्याचं एक अख्खं वऱ्हाड मिळालं होतं. मी त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय ते समजावून सांगायला लागले. आजूबाजूचे रिक्षावालेही जमले. त्यांच्यापैकी एकाने विचारलं की अशी थाळी आणखी कुठे मिळेल. शेवटी नथ्थूभाऊंनी तोंड उघडलं. ते म्हणाले, एका बाईची केळी बागेत अडकली आहेत. भिकनने लगेच दोरा सोडला. पण थाळी माझ्या हातात दिली नाही. मला आणि नथ्थूभाऊंना रिक्षात बसवून तो स्वतःच ऑफिसात आला आणि काचेच्या खोलीच्या दारात ती मांडीवर घेऊन बसला. काम झालं की परत नेणार, असं त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं.

ऑफिसात आता गर्दी झाली होती. ज्यांचे ट्रक अडले होते ते सगळे आवारात जमले होते, आणि ट्रकचे ड्रायव्हर ट्रकांच्या सावलीत झोपले होते. लिलाबाई पडद्यावर डोळे लावून तशाच बसलेल्या. त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, थोडा वेळ आणखी.

आणि लाइट गेली.

मशीनला बॅटरी होती, ते चालू राहिलं आणि टीं टीं ओरडायला लागलं. टर्मिनलला बॅटरी नव्हती. लिलाबाईंच्या पडद्यावरची सगळी नावं मधल्या एका ठिपक्यात गोळा झाली, आणि मग तो ठिपकाही गेला. लिलाबाईंनी त्या काळ्या काचेकडे बघितलं, पिशवीतून डबा काढला आणि मला विचारलं, "आता जाऊ का जेवायला?"

लाइट परत आली तेव्हा भाईदासभाऊ दारात उभे होते. एरंडोलच्या पुढे बस पंक्चर झाली होती, घामाने सदरा अंगाला चिकटला होता, पण चेहऱ्यावर कर्तव्य पार पाडल्याचं तेज होतं. त्यांनी पिशवीतून ओल्या टॉवेलची एक गुंडाळी काढली. टॉवेलात केळीचं पान होतं आणि पानात फ्लॉपी होती. वाटेत पारोळ्याला उतरून त्यांनी टॉवेल पुन्हा भिजवून घेतला होता.

"हात लावून बघा ताई," ते म्हणाले. "बर्फासारखी आहे."

मी खुर्चीवर बसले. फ्लॉपी उलटी केली तर तिच्यातून पाणी गळलं. माझ्या मनात त्या क्षणी जे काही आलं ते लिहिण्यासारखं नाही. रडूही येत होतं. आवारातल्या लोकांना आता काय सांगायचं, याचा विचार करत होते, तेवढ्यात धुरपदाबाईंनी माझ्या हातातून फ्लॉपी काढून घेतली. त्या पंख्याखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन बोटांत धरून हळूहळू फिरवायला लागल्या. मधूनमधून पदराच्या टोकाने टिपायच्या, पुन्हा फिरवायच्या. मी म्हटलं, मावशी, ती आता वाचणार नाही. त्या म्हणाल्या, "माले काय करनं शे आते? बठ्ठा दिस बठेलच शे मी." खरंच, सकाळपासून त्या नुसत्या बसून होत्या.

फ्लॉपी कोरडी झाल्यासारखी दिसली तेव्हा मशीन बंद करायची वेळ आली. ते नीट बंद करायचा प्रोग्रामही मी उडवलेल्या भांड्यांवरच चालायचा, म्हणून बटणच दाबावं लागणार होतं. फ्लॉपी चालली नाही तर मशीन पुन्हा उठणार नव्हतं. बटणावर बोट ठेवून मी नानांकडे बघितलं. नाना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मी दाबलं.

फ्लॉपी घातली. आतून जात्यात खडा गेल्यासारखा आवाज यायला लागला. भाईदासभाऊंनी डोळे मिटले. आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटायला लागली. मी हात पुढे केला. भिकनने मांडीवरची थाळी जपून माझ्या हातात ठेवली. जेवून आलेल्या लिलाबाईंनी चष्म्याच्या फडक्याने तिच्यावरचं कुंकू पुसलं, आणि मी एकेक भांडं जागच्या जागी परत मांडलं. यावेळी कुठल्याही तारखेकडे बघितलं नाही.

ऊन उतरायच्या आत ट्रकांचे नंबर छापून बाहेर पडायला लागले. धुरपदाबाईंनी आपली चिठ्ठी घेतली, उलटसुलट करून बघितली आणि ड्रायव्हरला हलवून उठवलं. टोळीतली माणसं बागेतच थांबली होती. निरोप पाठवून धुरपदाबाईंनी सकाळीच टोळीच्या चहा-भाकरीची सोय लावून ठेवली होती, कारण मशीनवर बाईंचा फोनपेक्षाही कमी विश्वास होता. ट्रकमध्ये चढताना त्यांनी मला जवळ बोलावलं आणि मला वाटलं आता आशीर्वाद देतील. त्या म्हणाल्या, "पोरी, पुढली खेपले काय साफ करनं व्हई ते मना नंबर लागना की मंग कर." आपला नंबर लागून गेल्यानंतरची वेळ त्यांनी मला नेमून दिली.

भिकनला मी जाहिरातीची एक बिनकामाची सीडी दिली. ती जुनीपेक्षा जास्त चकाकते म्हणून तो खूश झाला.

राहिले नाना. दिवसभर काय घडलं यातलं नानांना काय कळलं असेल, ही धास्ती मला होती. त्यांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. भाईदासभाऊही होते. नाना म्हणाले की आज मॅडमनी जेवणखाण सोडून मशीनची सफाई केली, रिक्षावाल्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत सगळे मदतीला आले, अशी तळमळ त्यांनी संघात कधी बघितली नव्हती. तेव्हा धुळ्याचं मशीनही मॅडमनीच जाऊन साफ करून द्यावं, असा आपला हुकूम आहे.

भाईदासभाऊंचा चेहरा त्यांच्या टॉवेलाइतका ओला झाला. बाहेर व्हरांड्यात ते मला म्हणाले, "ताई, तुम्ही या. जरूर या. आमच्याकडेच जेवा."

हुकूम म्हणून मी गेले. भाईदासभाऊंच्या घरी जेवण फार सुंदर होतं. खापरावरची पुरणपोळी, वर तूप, आणि नको नको म्हणताना वाढलेली आणखी एक. जेवण झाल्यावर आम्ही ऑफिसात गेलो, तर मशीनच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली हरवली होती. भाईदासभाऊंनी ती मनापासून शोधली. टेबलाखाली वाकून, खुर्च्या सरकवून, माठाच्या मागेसुद्धा बघितलं. माझी बस सुटायची वेळ होईपर्यंत शोधत राहिले.

वाकताना दर खेपेला ती त्यांच्या गळ्यातल्या दोऱ्याला लटकून सदऱ्याबाहेर येत होती. मीही खुर्च्या सरकवायला मदत केली.